वास नसलेलं घर

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे ‘नाकसाहेब’ म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तेही हसून ओ देत. नाक काही फार मोठं नव्हतं. बेताचंच, जरा डावीकडे कललेलं. पण शहराच्या पाण्याचा रोजचा दाखला त्या नाकाखालून गेल्याशिवाय पुरा होत नसे.

आता तुम्ही म्हणाल, पाणी तपासायला यंत्रं असतात की. असतात. पाण्यात काय काय आहे ते यंत्र बरोबर सांगतं. पण ग्लास तोंडाला लावताना माणसाचं मन मागे सरेल का, ते यंत्राला कळत नाही. तिथे माणूसच लागतो. म्हणून रोज सकाळी दहा वाजता तीन काचेचे फ्लास्क मांडले जात. एकात नळाचं पाणी, उरलेल्या दोन्हींत कोळशातून गाळलेलं, अजिबात वास नसलेलं पाणी. तिन्ही सारखेच गरम करायचे, बूच लावून हलवायचे, बूच काढून एकदाच लहानसा श्वास घ्यायचा आणि तिन्हींत वेगळा कोणता ते सांगायचं. ओळखता आला, की ते पाणी आणखी पातळ करून पुन्हा ओळखायला लावायचं. ओळखता येईनासं झालं की तिथे थांबायचं. वासाचं मोजमाप ते एवढंच.

पण त्या खोलीचे नियम फार कडक. आधी अर्धा तास चहा नाही. सुगंधी साबण नाही, तेल नाही, अत्तर नाही. बाहेरच्या मोकळ्या हवेत वीस मिनिटं बसून मगच आत यायचं, कारण नाक ही मोठी आळशी वस्तू आहे. काही नवीन असलं तर सांगते, रोजचं झालं की सांगायचं सोडून देते. आणि शेवटचा नियम साहेबांचा स्वतःचा होता. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी ऐकवत.

“आधी लिहायचं, मग बोलायचं. तोंडातून एकदा शब्द गेला ना, की नाक त्याच्याच मागे जातं. मग जे म्हटलं तेच वासात सापडतं.”

या नोकरीचे नियम त्यांच्या घरानेही पाळले. बायकोने लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सुगंधी तेलाची बाटली शेजारणीला देऊन टाकली. कपड्यांना बिनवासाचा साबण, अंगालाही तोच. फोडणी करायची ती स्वयंपाकघराचं दार लावून आणि खिडकी उघडून. एकतीस वर्षं त्या घराला म्हणून वास नव्हता. ती कधी मागून येऊन उभी राहिली तर यांना पत्ताही लागत नसे. मग ती हसायची.

“साऱ्या गावाच्या पाण्याचा वास येतो, पण बायको मागे उभी आहे ते कळत नाही. कसलं हो तुमचं नाक!”

निवृत्तीच्या दिवशी घरी येताना त्यांनी तिच्यासाठी साबणाची एक वडी आणली. चांगली महागाची, फुलांच्या वासाची. तिने ती कागदातूनच हुंगली, डोळे मिटले, आणि म्हणाली, “सवय गेली हो आता.” वडी कपाटात ठेवून दिली. पुढे दोन वर्षांनी ती गेली.

ती गेल्यावर महिनाभर त्यांनी तिच्या शिवणाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. एका रविवारी दुपारी टाकलं. दार उघडलं, आणि त्यांना वास आला. वास नसलेल्या त्या घरात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थंडसर, जड, जुन्या कपड्यांसारखा, काहीसा मातीसारखा. मशीन तिथेच, कात्री तिथेच, खुर्चीच्या पाठीवर तिचा राखाडी स्वेटर. त्यांच्या तोंडातून शब्द निघून गेला.

“आलीस?”

त्यांनी घाईघाईने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ते दार उघडत, आत जाऊन उभे राहत, मनात दहा आकडे मोजत आणि बाहेर येत. अकरावा आकडा मोजला तर वास उगाच संपून जाईल, असं त्यांना वाटे. या गोष्टीला तीन वर्षं झाली होती.

साहेबांना एकुलती एक मुलगी, आणि मुलीला एकुलती एक मुलगी. जावई जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. नात आठ वर्षांची. तिचं नाव मुंगी, कारण ती दिवसभर काहीतरी उचलून इकडचं तिकडे नेत असायची. मुंगीला दम्याचा त्रास होता. गेल्या सुट्टीत ती आजोबांकडे आली आणि तिसऱ्याच दिवशी तिचा श्वास असा अडकला, की दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर आठ महिने ती आली नाही. फोनवर बोलायची, पण फोनवर बोलताना मुंगी काही उचलून आणून हातात ठेवू शकत नाही.

अशात मुलीचा फोन आला.

“बाबा, मला तीन महिने प्रशिक्षणाला जायचंय, परगावी. मुंगीला कुठे ठेवू, असा प्रश्न आहे.”

“प्रश्न कसला त्यात? इथे ठेव.”

“मला काय नको आहे का? पण डॉक्टर म्हणतात, आधी त्या घराची हवा तपासून घ्या. कागद बरोबर आला तर पाठवा. नाहीतर आत्याकडे जाईल ती. आत्या तयार आहे.”

“हवेला काय झालंय? मी इथेच राहतो की.”

“बाबा, तुम्ही शहरभर पाण्याचे दाखले दिलेत. आता एक दाखला तुम्ही घ्या.”

आत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्हती, देशाच्या दुसऱ्या टोकाला होती. तीन महिने तर जातीलच, आणि पुढच्या सुट्टीतही मुंगी आत्याच्याच घराला सरावलेली असेल. मुलांचं असं होतं, एकदा पाय दुसऱ्या उंबऱ्याला लागले की लागतात.

हवा तपासायला जी बाई आली, तिला पाहून साहेब दारातच हसले. ती त्यांचीच विद्यार्थिनी. वीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिने तीन फ्लास्क फोडले होते, म्हणून साहेबांनी तिचं नाव धांदल ठेवलं होतं. आता ती घरांची, शाळांची, दवाखान्यांची आतली हवा तपासायची. केसांत थोडं पांढरं दिसत होतं. दोन्ही हातांत पेट्या, आणि पेट्या सांभाळताना दाराच्या चौकटीवर कोपर आपटायची जुनी सवय तेवढी गेलेली नव्हती.

“ये धांदल. चहा?”

“काम झाल्यावर, सर. तुम्हीच शिकवलंय.”

तिने बाहेर अंगणात एक यंत्र ठेवलं, आत बैठकीत एक. पेन्सिलीच्या पेटीएवढी यंत्रं, वर आकडे दिसणारी. पाच मिनिटांनी तिने दोन्ही वाचले, पुन्हा वाचले, मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“सर.”

“काय गं?”

“माणसं घरात श्वास सोडतात. घर रात्रभर बंद असलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो. वाढायलाच हवा. तुमच्या बैठकीत आणि अंगणात आकडा एकच येतोय.”

“असं? चांगलंय की मग.”

“म्हणजे एकतर तुम्ही रात्रभर श्वास घेतला नाहीत,” धांदल म्हणाली, “नाहीतर पहाटेपासून सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, पंखे लावून, मी यायच्या दहा मिनिटं आधी बंद केल्यात.”

साहेबांचे कान लाल झाले. टेबलावरचा पंखा अजून खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याच्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

“नमुना घ्यायच्या आधी बारा तास दारं-खिडक्या बंद हव्यात. पत्रात लिहिलेलं होतं.”

“वाचलं होतं,” साहेब म्हणाले. सबंध आयुष्यात ते नमुन्याच्या बाबतीत पहिल्यांदा खोटं वागले होते, आणि तेही आपल्याच विद्यार्थिनीपुढे पकडले गेले होते. “उद्या ये. बंद ठेवतो.”

ती दुसऱ्या दिवशी आली. आज तिने छोटा पंप लावला. पंप ठरावीक वेळ हवा ओढतो, ती हवा एका चिकट काचेवर आपटते, आणि हवेत तरंगणारं जे काही असेल ते काचेवर चिकटून बसतं. मग ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि मोजायचं. एक नमुना अंगणात, एक बैठकीत, एक झोपायच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. शेवटी ती घराच्या आतल्या बोळात, एका बंद दारापाशी आली.

“ही?”

“ती वापरात नाही.”

“वापरात नसली तरी घरातच आहे ना, सर?”

“धांदल, ती खोली राहू दे.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांच्या बायकोला ती ओळखत होती. तीन फ्लास्क फोडले त्या आठवड्यात साहेबांच्या डब्यातून तिच्यासाठी जास्तीची पोळी येऊ लागली होती. तिने पंप बोळात, दाराबाहेर ठेवला.

तीन दिवसांनी ती कागद घेऊन आली. कागद पुढे न सरकवता आधी बसली.

“बैठक ठीक आहे. स्वयंपाकघर ठीक. झोपायची खोली जरा जास्त, पण चालेल. बोळात बाहेरच्या चौदा पट बुरशी आहे, सर. बाहेरच्या हवेत जी सापडते तीही नाही, ओल्या भिंतीवर वाढणारी आहे. दाराखालच्या फटीतून येतेय.”

“नमुन्यात चूक झाली असेल.”

“दोन घेतले होते. दोन्ही सारखे आले.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “मुंगी त्या बोळातून दिवसातून पन्नास वेळा जाणार. मला या कागदावर ‘योग्य’ लिहिता येणार नाही.”

साहेबांनी वळून बोळाकडे पाहिलं. मग त्यांनी, जे आजवर मुलीलाही सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगितलं. रविवार, दहा आकडे, चिकटपट्टी. सांगताना ते धांदलीकडे पाहत नव्हते.

“तुला बुरशी सापडली, मान्य. पण तिच्याबरोबर तीही आहे तिथे. खिडकी उघडली की दोन्ही जातील. बुरशीचं मला काही नाही गं. पण ते दुसरं मी परत कुठून आणू?”

धांदलीने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. आणि तिला सुचवायचं धाडस होत नाही हे ओळखून साहेबच म्हणाले, “तीन डब्यांची परीक्षा लाव.”

“सर, नको.”

“का नको? नाक माझं आहे. सुती कापडाचे तीन तुकडे घे, एकाच थानातले, बिनवासाच्या साबणाने धुतलेले. एक मी तिच्या कपाटात ठेवतो, तिच्या कपड्यांमध्ये. दोन तू ठेव, तुमच्या ऑफिसचं ते ओलं तळघर आहे ना, तिथे. चार दिवस. तिथेही बुरशी आहे, इथेही आहे. इथे ती असेल, तर इथला तुकडा वेगळा निघेल. निघाला, तर खोली बंद राहील आणि मुंगी…” ते थांबले. “मुंगी आत्याकडे जाईल. नाही निघाला, तर खिडकी मी उघडीन. माझ्या हाताने.”

ते अगदी खात्रीने बोलत होते. ज्या माणसाने कोट्यवधी लिटर पाण्यात चिमूटभर शेवाळ ओळखलं होतं, तो आपल्या बायकोला ओळखणार नाही असं कसं होईल?

चार दिवसांनी सकाळी दहा वाजता ते बैठकीत बसले. चहा घेतलेला नव्हता. अंगणात वीस मिनिटं बसून आले होते. हात बिनवासाच्या साबणाने धुतलेले. टेबलावर झाकणाचे तीन डबे, डब्यांच्या तळाला चिठ्ठ्या, आणि त्यांच्या पुढे कागद-पेन्सिल. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, धांदलीने डबे फिरवले.

“तीन फेऱ्या,” साहेब म्हणाले. “एकदा बरोबर आलं तर ते नशीबही असू शकतं. तिन्हींतून डोळे मिटून उचललं तरी तीनदा उचलल्यावर साधारण एकदा बरोबर येतं. तीनही वेळा आलं तर खरं.”

“माहीत आहे, सर. तुम्हीच…”

“हं.”

पहिला डबा. झाकण उघडलं, एक लहान श्वास, झाकण बंद. दुसरा. तिसरा. त्यांनी मधला निवडला. निवड लिहिली, आणि सवयीने पुढच्या रकान्यात वासाचं वर्णनही लिहायला घेतलं. त्या रकान्यात त्यांच्या हाताने तीस वर्षं लिहिलं होतं, त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. डब्यांच्या क्रमाने हात लिहीत गेला. ओल, चुना, माती. ओल, चुना, माती. ओल, चुना, माती.

पेन्सिल तिथेच थांबली.

त्यांनी कागदाकडे पाहिलं. हे शब्द त्यांना ओळखीचे होते. दूरच्या तलावाचं पाणी खराब झालं तेव्हा, जुनी टाकी गळायला लागली तेव्हा, असेच शब्द त्यांनी लिहिले होते, शेकडो वेळा. मग तीन वर्षं दर रविवारी हेच शब्द त्यांना का सुचले नाहीत? ते उगाच आठवून पाहू लागले, आणि त्यांना तो पहिला रविवार आठवला. त्या दिवशी त्यांनी काही लिहिलं नव्हतं. ते आधी बोलले होते.

“सर, थांबायचं का?” धांदलीने विचारलं.

“तीन म्हटलंय ना. फिरव.”

तिन्ही फेऱ्या झाल्या. चिठ्ठ्या उलगडल्या. पहिली बरोबर. दुसरी चूक. तिसरी चूक.

“तीनांत एक,” साहेब म्हणाले. “कुणीही रस्त्यावरचा माणूस आणून बसवला असतास तरी एवढं आलं असतं.” त्यांनी कागदाखाली सही केली, तारीख घातली, आणि ‘फरक आढळत नाही’ असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं. मग चष्मा काढून ते म्हणाले, “तीन वर्षं मी कुणाला भेटायला जात होतो गं?”

धांदल उठून चहा ठेवायला गेली, आणि आत एक कप फुटल्याचा आवाज आला. कधी नव्हे ते साहेबांना त्याचं बरं वाटलं.

खिडकी त्यांनीच उघडली. चिकटपट्टी ओढताना रंगाचे पापुद्रे निघाले. उजेडात कपाट ओढलं तेव्हा मागची भिंत दिसली, छातीइतक्या उंचीपर्यंत काळी. पलीकडे न्हाणीघर होतं आणि भिंतीतला एक नळ कधीपासून थेंबथेंब गळत होता. ज्याने सगळ्या शहराचं पाणी राखलं, त्याच्या घरात पाणी असं गुपचूप आत शिरलं होतं.

नळवाला आला, गवंडी आला. भिंत खरवडली, वाळवली. कपडे उन्हात टाकले, दोनदा धुतले. राखाडी स्वेटर धुताना साहेबांनी तो बादलीत सोडण्याआधी एकदाच नाकाशी धरला. ओल, चुना, माती. त्यांनी सोडून दिला. कपाटाच्या तळाशी ती साबणाची वडी सापडली, कागद तसाच. हुंगली तर तिचाही वास उडून गेलेला. साहेबांनी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि तिथेच राहू दिली.

खोली रिकामी झाली, कोरडी झाली. रविवारी दुपारी ते सवयीने आत गेले. दहा मोजले, अकरा मोजले, शंभरपर्यंत मोजत राहिले. काही नव्हतं. नुसती हवा होती. तेव्हा त्यांना वाटलं, बायको खऱ्या अर्थाने आज गेली.

पाच आठवड्यांनी धांदलीने पुन्हा पंप लावला, या वेळी खोलीच्या मधोमध, बारा तास बंद ठेवलेल्या घरात. कागदावर ‘योग्य’ आलं. त्याच आठवड्यात मुंगी आली. एका हातात तिचा औषधाचा फवारा, दुसऱ्या हातात बोचकं, आणि बोचक्यात तीन दगड, एक स्क्रू, बसचं तिकीट आणि आईचा निळा रुमाल. रुमाल झोपताना लागतो, असं तिने सांगितलं. आई स्टेशनवरूनच परत गेली होती आणि मुंगी रडली नव्हती, पण रुमाल काही केल्या हातातून सोडत नव्हती.

आठवडा गेला. मुंगीचा श्वास एकदाही अडकला नाही. शिवणाची खोली तिची झाली, आणि दिवसभर तिथून इथे, इथून तिथे तिची वाहतूक सुरू झाली. एका दुपारी धांदल तिला पाहायला म्हणून आली होती. साहेब खुर्चीत बसले होते, मुंगी त्यांच्या खांद्याला टेकून त्यांच्या स्वेटरचं बटण फिरवत होती. एकदम म्हणाली, “आजोबा, तुमच्या घराला वास येतो.”

साहेब ताठ झाले. धांदलीनेही कप खाली ठेवला.

“कसला? ओलीचा?”

“ओलीचा नाही हो. आईच्या रुमालासारखा. दारातून आत आले ना, तेव्हाच आला. तुमच्या स्वेटरला तर खूपच येतो.”

“उगाच काहीतरी.”

“उगाच नाही!” मुंगी रागावली. “तुम्हीच घ्या वास!”

साहेबांनी बाहीचा वास घेतला. काहीच नाही. रुमाल मागून घेतला, हुंगला. तिथेही काहीच नाही. त्यांनी धांदलीकडे पाहिलं. धांदल आधीच डबे शोधायला उठली होती.

“मुंगे, खेळ खेळायचा का? तीन डब्यांचा?” साहेबांनी तिला समोर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं, घाई न करता, जसं ते मोठ्या माणसांना सांगत. श्वास लहान घ्यायचा. डब्यात नाक घालायचं नाही. “आणि आधी लिहायचं, मग बोलायचं. का, ते माहितेय?”

“का?”

“बोललं की नाक फसतं. आजोबांचं एकदा फसलं होतं.”

एका डब्यात आईचा रुमाल, एकात आजोबांचा स्वेटर, एकात धांदलमावशीची ओढणी. डोळे बांधून. तिन्हींत वेगळा कोणता? मुंगीने मोठ्या गंभीरपणे नाक पुढे केलं, पट्टी वर सरकवून कागदावर आकडा लिहिला, पट्टी पुन्हा खाली ओढली. डबे फिरवले. पुन्हा. पुन्हा. साहेबांनी चौथ्यांदाही करायला लावलं.

चारही वेळा मुंगीने ओढणीच वेगळी काढली. रुमाल आणि स्वेटर तिला चारही वेळा एकाच घरचे वाटले.

मग साहेब स्वतः बसले. ओढणीचा वास त्यांना झाकण पुरतं उघडायच्या आतच आला. बसमधली धूळ, पेटीतलं रबर, मघाचा चहा. उरलेल्या दोन डब्यांपुढे त्यांनी एक एक श्वास घेतला आणि रकान्यात लिहिलं, ‘काही नाही. काही नाही.’

लिहिलेल्या त्या शब्दांकडे ते पाहत राहिले. मुलगी या घरात वाढली, आईच्या हाताखाली. तसाच साबण वापरते, तसेच कपडे वाळवते, दार लावून फोडणी करते. मुंगीला दारातच जे कळलं, ते त्यांना कसं कळणार? ते तर त्याच्यातच बसले होते. एकतीस आणि दोन आणि तीन, इतकी वर्षं बसले होते. बंद खोलीत त्यांनी दहा आकडे मोजले तेव्हासुद्धा तिने बसवलेला तो वास अंगावर घेऊनच ते आत गेले होते.

“कसलं हो तुमचं नाक,” ते पुटपुटले.

“काय म्हणालात, सर?”

“काही नाही.” त्यांनी मुंगीला जवळ ओढलं. “मला सांग, कसा येतो तो वास? कशासारखा?”

मुंगीने विचार केला. बराच वेळ केला. कागद घेतला, पेन्सिल तोंडात धरली, दोनदा खोडलं, आणि शेवटी हात वर केले.

“नाही सांगता येत. चांगला आहे. तुम्हाला खरंच येत नाही?”

“नाही गं.”

“मग तुम्ही बाहेर जा,” मुंगी म्हणाली. “तुम्हीच सांगितलंत ना, बाहेर वीस मिनिटं बसायचं, मग नाक नवीन होतं.”

धांदल हसली. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वेटर धांदलीच्या हातात दिला, चपला घातल्या आणि मुंगीचं बोट धरून अंगणाच्या पायरीवर जाऊन बसले. ऊन उतरायला लागलं होतं. समोरच्या रस्त्यावरून सायकली जात होत्या. मुंगीने घड्याळ मांडीवर ठेवून मिनिटं मोजली आणि मधल्या वेळात चार खडे आणून आजोबांच्या हातात ठेवले.

“झाली वीस!”

दोघं उठली. उंबऱ्यापाशी साहेब थांबले. परक्या घरात पाऊल टाकावं तसं हलकेच त्यांनी पाऊल आत टाकलं, डोळे मिटले, आणि एक लहानसा श्वास घेतला.

“आला?”

ते दाराची चौकट धरून क्षणभर उभे राहिले.

“आजोबा, आला का?”

“नाही.”

“परत जाऊया बाहेर?”

“चल,” साहेब म्हणाले. “या वेळी तीस मिनिटं बसू.”